वजन कोणाचं बघायचं, स्वाराचं की घोड्याचं?

आजचा विषय घोडा. हो, खराखुरा, चार पायांचा.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, 1955 पासून टेव्हिस कप नावाची शर्यत होते. 160 किलोमीटर, सिएरा नेवाडाचे डोंगर, तापलेल्या दऱ्या आणि 24 तास. वाटेत पशुवैद्य घोडा तपासतात. लंगडला, नाडी वेळेत उतरली नाही, अंगातलं पाणी घटलं, की तिथेच बाद. कित्येक वर्षी जेमतेम निम्मेच शेवटपर्यंत पोचतात.

आता बाईकच्या मायलेजचं गणित लावायचा मोह होतो: स्वार हलका, तर घोडा लांब जाणार. पण 1999 मध्ये गार्लिंगहाउस आणि बरिल यांचा अभ्यास आला. 160 किलोमीटरच्या शर्यतीतले 360 घोडे. स्वाराच्या वजनाचा शर्यत पूर्ण होण्याशी संबंध दिसलाच नाही! दिसला तो घोड्याच्या अंगावरच्या मांसाचरबीशी.

ही चरबी 1 ते 9 गुणांत मोजतात. मान, खांदा, पाठ, बरगड्या, शेपटीचं मूळ, सगळं हाताने चाचपून. 5 म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला लागतात. पूर्ण करणाऱ्यांची सरासरी साधारण 4.5 होती. पोटदुखी, थकवा, पाणी घटणं अशा कारणांनी बाद झालेल्यांची साधारण 2.9.

गणित साधं आहे. घोडा 420 किलो, स्वार आणि खोगीर 80. स्वाराने 10 किलो उतरवले तरी एकूण ओझं 2 टक्क्यांनीच घटतं. पण हाडकुळ्या घोड्याकडे तासन् तास जाळायला चरबीच नसते, मग तो स्नायूतली साखर लवकर संपवतो. उलट फार जाड घोड्याचं अंग लवकर थंड होत नाही, तेही वाईटच.

बरं, डेटावाल्यांनो, संबंध म्हणजे कारण नव्हे. बारीक घोड्याला जंत असतील, दात दुखत असतील, किंवा सराव अति झाला असेल. आणि स्वार कितीही जड चालतो, असंही कोणी समजू नये. थकून पोत्यासारखा बसणारा स्वार घोड्याची पाठ सोलतो, मग तो 55 किलोचा का असेना.

एवढं मात्र नक्की, की शर्यत दोन आठवड्यांवर आलीय आणि बरगड्या मोजता येतायत, तर स्वाराच्या डाएटने काही होणार नाही. घोड्यावर मांस चढायला महिने लागतात. नाव मागे घ्या, आधी दात आणि जंत तपासून घ्या.