कॅमेरा कुठे होता?

(मुळशी येथील युवा शिबिरात केलेले भाषण)



सकाळी तुम्ही मुळशी धरणाचे फोटो काढलेत. छान आलेत. पण पाण्याखाली गेलेली गावं त्यांत दिसत नाहीत. ती वाचवायला १९२१ साली सेनापती बापटांसोबत इथले मावळे सत्याग्रहाला उतरले होते, तेही दिसत नाही. युद्धाच्या फोटोंचंही असंच असतं.

लॅरी बरोज हे ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार. मार्च १९६५मध्ये व्हिएतनाममध्ये ते अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टरमधून गेले. जखमी सैनिक, साथीदाराच्या मृत्यूनं कोसळलेला तरुण जवान, सगळं त्यांनी टिपलं. फोटो खरे होते. पण कॅमेरा हेलिकॉप्टरच्या आत होता. ज्यांच्यावर वरून गोळ्या झाडल्या जात होत्या, ती माणसं जगाला दिसली नाहीत.

१९६८मध्ये याच बरोज यांनी बारा वर्षांच्या एका व्हिएतनामी मुलीचे फोटो काढले. अमेरिकन हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात तिचा पाय गेला होता. तिची गोष्ट सांगायला त्यांना जमिनीवर, तिच्याजवळ जावं लागलं. फेब्रुवारी १९७१मध्ये लाओसवर त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्यात ते आणि आणखी तीन छायाचित्रकार मारले गेले.

त्याच वर्षी आपले किशोर पारेख बांगलादेश युद्धाचे फोटो काढायला निघाले. कोणत्याही वृत्तपत्रानं त्यांना पाठवलं नव्हतं. लष्कराच्या हेलिकॉप्टरमध्ये ते अक्षरशः घुसले. पण तिथून खाली उतरले आणि रस्त्यावरच्या माणसांत गेले. त्यांच्या पुस्तकातले ६७ फोटो आजही त्या काळाची साक्ष देतात.

सैन्याच्या हेलिकॉप्टरमधून जाणं गुन्हा नाही. कधी तोच एक मार्ग असतो. पण जागा देणारा काय दाखवायचं हेही ठरवू शकतो.

तुमच्या फोनवर रोज अशा क्लिप येतात. पुढे पाठवण्याआधी विचारा: कॅमेरा कुठे होता? तिथं कोणी नेलं? खालची माणसं कुठे आहेत? आणि हे प्रश्न आपल्याला पटणाऱ्या क्लिपलाही विचारा. तिथंच खरी परीक्षा आहे.