नूहची कश्ती आणि मातीच्या पाट्या



मुहर्रमच्या दहाव्या दिवशी आमच्याकडे खिचडा शिजायचा. नानी सांगायची, नूह अलैहिस्सलामची कश्ती जूदी डोंगराला लागली, तेव्हा उरलेलं मूठमूठ धान्य एकत्र शिजवलं, तोच हा खिचडा. कुरआनात जूदी आहे, खिचडा नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हा नानीचा राग आला होता. आता येत नाही. कहाण्या अशाच वाढतात, प्रत्येक घर त्यांत आपलं काही घालतं.

ही कहाणी किती जुनी? १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ निनवेहून आलेल्या मातीच्या पाट्या वाचत होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, नोटांचे ठसे कोरायचं काम शिकलेला हा माणूस. एका पाटीवर त्याला महापूर, जहाज, डोंगर आणि जमीन शोधायला सोडलेले पक्षी सापडले. ती गिल्गमेशची कथा. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा आहेतच.

उर शहराच्या उत्खननात १९२९ साली वूली यांना गाळाचा जाड थर मिळाला आणि जलप्रलयाचा पुरावा सापडला अशी हवा झाली. पण इतर शहरांतले थर वेगवेगळ्या काळांतले निघाले. दजला-फुरातच्या काठी पूर अनेक आले. लोकांच्या आठवणीत त्यांचा एक झाला असावा, असं मला वाटतं.

“मग हे सगळं खोटं का?” एका तरुणाने मागे विचारलं होतं. मी म्हटलं, कथेत काय बदललं ते बघ. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या अत्रहसीसच्या कथेत देव पूर पाठवतो, कारण माणसांच्या गोंगाटाने त्याची झोपमोड होते! बायबलमध्ये कारण आहे माणसाचा दुष्टपणा. तिथे नोहाचे तिन्ही मुलगे वाचतात. कुरआनातल्या सूरह हूदमध्ये मात्र पैगंबराचा स्वतःचा मुलगा बुडतो. बाप विनवतो, हा माझ्या घरातला आहे. उत्तर येतं की नाही, त्याची कृती तशी नव्हती. आणि आपण? मुलीचं स्थळ आलं की आधी बिरादरी विचारतो, सय्यद की अन्सारी.

यंदा खिचडा ढवळताना नातीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, नानीची आणि पाट्यांचीही. ती म्हणाली, “मुलगा बुडाला तेव्हा नूह रडले का?”

रडल्याचं कुरआनात नाही. मुलासाठी त्यांनी अल्लाहला विनवलं, हे आहे. तेवढंच तिला सांगितलं.