परागाची कुपी : गुलाबाचे घरगुती संकरण



इ. स. १७४९ च्या सुमारास बर्लिनमधील एका बागेत पंख्यासारख्या पानांचा, ताडकुळातील एक मादीवृक्ष होता. त्याला फुले येत. परंतु सकस बी मात्र धरत नसे. त्याच जातीचा नरवृक्ष लाइप्झिग नगरात होता. योहान गॉटलीब ग्लेडिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेथील पराग टपालाने मागविला आणि तो मादीवृक्षाच्या फुलांवर पसरविला. झाडाला फळे धरली आणि त्यांतील बिया पेरल्यावर रुजल्या. वनस्पतींतही स्त्री-पुरुष भेद असतो, असे कामेरारिउसने १६९४ साली प्रतिपादिले होते. या प्रयोगाने त्या मताला बळकटी आली. बागकाम करणाऱ्याला मात्र त्यातून आणखी एक गोष्ट शिकता येते. पराग आपल्या झाडापासून दूर गेला तरी काही काळ जिवंत राहतो. आणि तो जिवंत असेतोवर दोन झाडांमधील अंतर हा त्यांच्या मीलनातला अडथळा ठरत नाही.

खजूर पिकविणाऱ्या प्रदेशांतील शेतकऱ्यांना ही गोष्ट प्राचीन काळापासून ठाऊक आहे. काही मादीझाडे नरझाडांच्या आधीच फुलतात. त्यांच्यासाठी मागील हंगामातील नरफुलांचे तुरे वाळवून ठेवण्याची रीत आहे. पराग साठविण्याची विद्या ही अशी शेतातून आलेली आहे. प्रयोगशाळेने तिची कारणे उलगडून दाखविली आणि तिला शिस्त लावली.

भारतातील गुलाबप्रेमींना या विद्येची विशेष गरज आहे. सपाटीवरील बागांतून जे गुलाब लावले जातात, त्यांतील बहुसंख्य जाती युरोप व अमेरिकेतील थंड हवामानात निपजलेल्या आहेत. उत्तरेकडील मैदानांत हिवाळ्यात त्या उत्तम फुलतात. पण उन्हाळा सुरू होताच फुले लहान होतात, रंग फिके पडतात, पाकळ्या करपतात. उलटपक्षी, उष्णता व ओल सोसणारे रानगुलाब याच देशात आहेत. रोझा क्लिनोफिला ही पांढऱ्या फुलांची जात बंगाल-बिहारकडील नदीकाठी, पुराच्या पाण्यातही तग धरते. रोझा जायगँशिया ही मोठ्या, सायीच्या रंगाच्या फुलांची प्रचंड वेल मणिपूरच्या डोंगरांत वाढते. त्यांचे गुण बागेतील गुलाबांत उतरवावे, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी, की हे रानगुलाब वर्षातून एकदाच, थोडेच दिवस फुलतात; आणि त्या वेळी शेकडो कोसांवरील बागेतला गुलाब फुललेला असेलच असे नाही. ही कालाची व स्थळाची तूट परागाची एक लहानशी कुपी भरून काढू शकते.

हे काम केवळ संस्थांचे आहे, असे समजू नये. गव्हाच्या संशोधनासाठी विख्यात असलेले डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाचे संकरण छंद म्हणून केले आणि 'दिल्ली प्रिन्सेस'सारख्या जाती निर्माण केल्या. भारतीय प्रशासन सेवेत काम केलेले एम. एस. वीरराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा वीरराघवन यांनी कोडाईकनाल येथील आपल्या घरच्या बागेत वर उल्लेखिलेल्या दोन्ही रानजातींपासून उष्ण हवेला मानवतील असे गुलाब घडविण्याचे कार्य अनेक वर्षे केले आहे.

आता परागाचा स्वभाव पाहू. परागकणाचे बाह्य कवच अत्यंत चिवट असते. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या गाळातही ते ओळखू येते. परंतु कवच टिकणे म्हणजे प्राण टिकणे नव्हे. आतील सजीव द्रव्य उष्णता आणि ओल यांमुळे लवकर नष्ट होते. शिवाय सर्व वनस्पतींचे पराग सारखे दीर्घायुषी नसतात. गहू, मका इत्यादी तृणवर्गीय वनस्पतींचा पराग बहुधा तीन केंद्रकांचा असून तो फार अल्पायुषी असतो; गव्हाचा पराग तर बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात निकामी होतो. गुलाब, सफरचंद, लिली यांचा पराग दोन केंद्रकांचा असतो. तो वाळविणे सोसतो आणि थंडीत पुष्कळ काळ टिकतो. नवशिक्याने गुलाबापासून आरंभ करावा, याचे हे एक कारण आहे.

पराग गोळा करण्यासाठी उमलण्याच्या बेतात असलेली, पाकळ्या नुकत्याच सैल झालेली कळी निवडावी. पूर्ण उमललेल्या फुलावर मधमाश्या येऊन गेलेल्या असतात. त्यात दुसऱ्या फुलांचा पराग मिसळण्याचा संभव असतो. पाऊस अथवा दव पडलेले असल्यास ते सुकेपर्यंत थांबावे. पाकळ्या काढून लहान कात्रीने परागकोश स्वच्छ कागदावर कापून घ्यावेत. ते सावलीत, वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा जागी पसरून ठेवावेत. एकदोन दिवसांत परागकोश फुटतात आणि पिवळी धूळ कागदावर पडते. घाई करून ते उन्हात ठेवू नयेत.

यानंतरची पायरी वाळविण्याची. पराग ओला असताना अतिशीत कप्प्यात ठेवला, तर त्यातील पाण्याचे बर्फस्फटिक बनून पेशी फाटतात. म्हणून पराग बटर पेपरच्या लहान पुड्यांत अथवा औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलांत भरावा आणि त्या घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या खड्यांसह ठेवाव्यात. खडे आधी तापवून कोरडे केलेले असावेत; रंग बदलणारे खडे वापरल्यास ते ओल शोषून निकामी झाले की लगेच कळते. एका मोठ्या पुडीपेक्षा अनेक लहान पुड्या बऱ्या. कारण प्रत्येक पुडी एकदाच बाहेर काढून वापरता येते आणि उरलेला पराग पुनःपुन्हा गरम-थंड होत नाही.

अशी बाटली शीतकपाटात सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास गुलाबाचा पराग काही आठवडे उपयोगी राहतो. बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांच्या आसपास, तो पुढील हंगामापर्यंत टिकण्याची आशा धरता येते. संशोधन संस्था द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, पराग अनेक वर्षे राखतात; घरी त्याची गरज नाही. घरच्या साठवणीत खरा धोका वीज वारंवार जाण्याचा आणि झाकण सैल राहण्याचा असतो. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. नाहीतर बाहेरच्या हवेतील बाष्प थंड परागावर दवासारखे जमते आणि वर्षभराची काळजी काही क्षणांत वाया जाते. तसेच फार कोरडा पराग एकदम ओल्या पृष्ठभागावर टाकू नये. पुडी उघडून, ओल्या कापसाशेजारी झाकून, अर्धा-एक तास दमट हवेत ठेवावी. म्हणजे परागकण हळूहळू पाणी घेतात आणि फुटत नाहीत.

साठविलेला पराग जिवंत आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. मेलेला परागही पिवळाच दिसतो. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, तर १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात सुमारे १० ग्रॅम साखर व ०·०१ ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून त्याच्या थेंबात थोडा पराग सोडावा. काही तासांनी जिवंत कणांतून बारीक परागनलिका बाहेर आलेल्या दिसतात. शंभर कणांतून किती रुजले, हे मोजल्यास परागाच्या बळाचा अंदाज येतो. सूक्ष्मदर्शक नसेल, तर एकदोन फुलांवर तो आधी वापरून फळ धरते का, हे पाहावे.

मातेसाठी निवडलेल्या फुलाची कळी उमलण्यापूर्वीच पाकळ्या व परागकोश काढून टाकावेत आणि ती कागदी पिशवीने झाकावी. एकदोन दिवसांनी कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचा अग्रभाग, चिकट होतो. तेव्हा बोटाच्या टोकाने अथवा मऊ कुंचल्याने पराग लावून पुन्हा पिशवी बांधावी. दुसऱ्या जातीचा पराग हाताळण्यापूर्वी कुंचला स्पिरिटने धुऊन वाळवावा. फळ पिकण्यास सामान्यतः तीन-चार महिने लागतात. म्हणून मैदानी प्रदेशात हे काम हिवाळ्याच्या पूर्वार्धातच उरकावे. बिया ओल्या वाळूत मिसळून सहा ते दहा आठवडे शीतकपाटात ठेवल्यावर पेराव्यात. त्यांतील पुष्कळशा रुजत नाहीत, हे आधीच गृहीत धरावे.

या विद्येच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. परागातून पित्याचा वारसा अर्धाच येतो. एखादी जुनी, दुर्मीळ जात जशीच्या तशी राखावयाची असेल, तर डोळा भरणे किंवा फाटे लावणे हाच मार्ग. परागाची कुपी त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरे असे, की रोझा जायगँशियाच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, तर आजच्या बहुतेक मोठ्या फुलांच्या गुलाबांत २८ असतात. त्यांची संतती २१ गुणसूत्रांची आणि बहुधा वंध्य निपजते. चहागुलाब आणि चिनी गुलाब यांतील बऱ्याच जाती १४ गुणसूत्रांच्या असल्याने त्यांच्याशी संकर करणे अधिक श्रेयस्कर. तिसरे असे, की एकदाच फुलणाऱ्या रानगुलाबाच्या संततीला पहिले फूल येण्यास दोन-तीन वर्षे किंवा अधिकही लागू शकतात. आणि पहिल्या पिढीत ती संततीसुद्धा बहुधा वर्षातून एकदाच फुलते. तिचा पराग पुन्हा बारमाही जातीला द्यावा लागतो, आणि त्यासाठी तो पुन्हा साठवावा लागतो.

म्हणूनच प्रत्येक पुडीवर जातीचे नाव, स्थळ व दिनांक आणि प्रत्येक फळावर माता-पित्यांची नावे लिहिण्याचा कंटाळा करू नये. शाई ओलीने पुसली जाते. शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते. तीच नोंद एका वहीतही उतरून ठेवावी. शंभर रोपांतून एखादेच उन्हात फुलणारे निघेल. ते कोणत्या डोंगरावरील वेलीपासून आणि कोणत्या बागेतील झाडापासून झाले, हे वहीत लिहिलेले असेल, तरच त्या मार्गाने पुढचे पाऊल टाकता येईल. नोंद नसेल, तर ते एक सुंदर फूल राहील. त्यापासून दुसऱ्या बागप्रेमीला काही शिकता येणार नाही.