दिवाळीची सुट्टी आणि मोठी पोरे

मागे बसलेल्यांनी पुढे सरकावे. इकडे उजेडाला जागा आहे.

आज वर्गाच्या ताईंनी आम्हाला बोलायला उभे केले आहे. आम्ही काही वक्ते नव्हे. तीन वर्षांमागे आम्हीही इथेच, त्या खांबापाशी, पाटी घेऊन बसत होतो. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

दिवाळी तोंडावर आली आहे. सहामाही परीक्षा संपली की शाळेला सुट्टी लागेल. दोन-तीन आठवडे पोरे घरी. धाकट्यांचे काही नाही. त्यांना माती द्या, दगड द्या. अंगणात किल्ला करतील, त्यावर मोहरी पेरतील, मावळे उभे करतील, आणि जेवायला हाक मारली तरी येणार नाहीत. अवघड असते ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचे. ती किल्ल्यात रमत नाहीत आणि मोठ्यांतही बसत नाहीत. काही विचारावे तर एका शब्दात उत्तर. "हो." "नाही." "माहीत नाही." मग आपण म्हणतो, पोर बिघडले, मोबाइलने बिघडवले. आणि त्याला कामाला जुंपतो.

कामाला लावू नका, असे आमचे म्हणणे नाही. या दिवसांत शेतात हात कमीच पडतात. सोयाबीन खळ्यावर असते, कापूस फुटलेला असतो, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते. पण पोराला कामाला लावणे वेगळे आणि पोराबरोबर काम करणे वेगळे. हे आम्हाला उशिरा कळले. कसे कळले, ते सांगतो.

गोष्ट आमच्याच घरची आहे. गेल्या दिवाळीत थोरली मुलगी दहावीत होती. वय पंधरा. नवरात्रापासून ती गप्प गप्प असायची. आम्हाला वाटले, परीक्षेची काळजी असेल. सुट्टी लागली तरी तसेच. एके दिवशी तिच्या आईला ताप आला. म्हणून बापलेक दोघेच वेचणीला गेलो. शेजारशेजारच्या ओळी धरल्या.

कापूस वेचताना माणसाची मान खाली असते. डोळे बोंडावर असतात. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. अर्धी ओळ अशीच गेली. मग मान वर न करता ती म्हणाली, "आबा, मला मामाच्या गावी द्यायचं ठरलंय का?"

आमचा हात बोंडावरच राहिला.

गोष्ट खरी होती. आमच्या मेहुण्यांनी स्थळ आणले होते. मुलगा कमावता, घर बरे, हुंडा नको म्हणत होते. आम्ही होकार दिला नव्हता, पण नाहीही म्हटले नव्हते. तुळशीचे लग्न लागले की बोलणी करू, असे म्हणालो होतो. हे सारे बोलणे रात्रीचे, पोरे निजल्यावर झालेले. म्हणजे आमची आपली समजूत की पोरे निजली आहेत.

आम्ही विचारले, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण पाहिजे? मधे नुसता पत्रा आहे, आबा."

महिनाभर त्या पोरीने ते पोटात ठेवले होते. परीक्षाही तशीच दिली. मग ओळीच्या टोकापर्यंत आम्ही गप्पच होतो. परत फिरलो तेव्हा ती आपणहून बोलू लागली. तिला बारावी करून नर्सचे शिक्षण घ्यायचे होते. आम्हाला हे ठाऊकच नव्हते. आदल्या दिवाळीनंतर तिच्या वर्गातल्या दोघी शाळेत परत आल्या नाहीत, हेही तिने सांगितले. एकीचे लग्न झाले. दुसरी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. "सुट्टी लागली की मला भीती वाटते," असे ती म्हणाली. पोरांना सुट्टीची भीती वाटते, हे आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकले.

आता आमची चूक सांगतो. याच वर्गाच्या पुस्तकात आम्ही लग्नाच्या वयाचा धडा वाचला होता. मुलीला 18 वर्षे पुरी, मुलाला 21 पुरी. 2006 सालचा कायदा. असे लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बोट ठेवून अक्षर न अक्षर वाचले होते. पण तो धडा दुसऱ्या कोणाच्या तरी पोरीचा वाटला होता.

भाऊबीजेला मेहुणे आले. ओवाळणी झाल्यावर त्यांना सांगितले, पोरीला शिकायचे आहे, अठरा पुरी होईपर्यंत हा विषय नको. ते रागावले. ताटावरून उठले नाहीत, पण पोटभर जेवलेही नाहीत. आमच्या कारभारणीला त्याचे फार लागले. भाऊ एकच आहे. अजून पहिल्यासारखे येणेजाणे नाही. खोटे कशाला सांगा?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कापूस नाही. नसेना का! भुईमूग असेल तर शेंगा तोडायला बसा. विजेची पाळी रात्रीची असली तर पोराला एकट्याला पाण्यावर धाडू नका, बरोबर जा. बांधावर बसल्यावर अंधारात पोरगा जे बोलेल, ते घरात बोलायचा नाही. आयांनी करंज्या भरताना पोरगीच काय, पोरगाही जवळ बसवावा. मार्क किती पडले, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारू नका. विचारले की तोंडाला कुलूप. आणि तो बोलू लागला की मधे शहाणपणा सांगू नका. आम्हाला ही खोड आहे, म्हणून म्हणतो.

मोबाइलवरून भांडण होते ना? त्याच मोबाइलवर 2021 सालापासून पिकाची नोंद करता येते. ई-पीक पाहणी म्हणतात तिला. रब्बीच्या नोंदीची मुदत विचारून ठेवा, पोराला वावरात न्या, फोटो त्याला काढू द्या. गट नंबर तुम्ही सांगा. तो तुम्हाला मोबाइल शिकवील, आणि आपली जमीन कुठून कुठवर आहे, ते त्याला कळेल.

आपल्यातली काही घरे दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. कोयता पुरा व्हावा म्हणून लेकरांची लग्ने लवकर उरकतात, हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी पोर बरोबर नेण्याआधी शाळेत विचारावे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय काही गावांत होते. आणि कोणा मुलीवर जबरदस्ती होत असेल, तर 1098 हा नंबर लिहून घ्या. रात्रीबेरात्रीही लागतो. पैसे पडत नाहीत.

आमच्या थोरलीचे विचाराल तर ती आता अकरावीत आहे. गेल्या सुट्टीत वेचणीचा हिशेब तिनेच लिहिला. कोणी किती किलो वेचले, कोणाला किती पैसे दिले, सगळे एका वहीत. शाळा उघडली त्या दिवशी वही आमच्या उशाशी ठेवून गेली. शेवटच्या पानावरची बेरीज मुद्दाम मोकळी सोडली होती. आम्हाला करायला. आम्ही दुपारभर बसून ती केली. संध्याकाळी तिने तपासली, तर दोन किलोची चूक निघाली.