कोर्टाच्या निकालावर बोलावं का?

‘कोर्टानं सांगितलं, आता विषय संपला,’ असं आपण गटाच्या बैठकीत सहज म्हणतो. खरंच संपतो का?

आपल्या आंभोऱ्याची वैनगंगा पुढे देसाईगंजजवळून, म्हणजे वडशाजवळून वाहते. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं या कोर्टाचं म्हणणं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरड केली नाही, हे धरून!

कायदा तोच, साक्षी त्याच, निकाल मात्र उलटे. ‘संमती’ या शब्दाचा अर्थ न्यायाधीशांनी लावायचा होता. रात्री पोलीस ठाण्यात एकटी मुलगी ओरडू शकते का, हे ज्याला जसं वाटलं तसा अर्थ निघाला. ही फार मोठी सत्ता आहे, बायांनो. निवडणुकीत मतं न मागता मिळालेली सत्ता. म्हणून तिच्यावर आपलं लक्ष हवं.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गावोगावच्या शहरांत बायांनी मोर्चे काढले. निकाल बदलला नाही. त्या मुलीच्या पदरात काही पडलं नाही. पण १९८३ मध्ये संसदेनं कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईशी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं तिनं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं तिचं म्हणणं खरं धरून चालायचं. नव्हतं ते आरोपीनं खोटं पाडायचं. पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली. म्हणूनच मी तिचं नाव घेतलं नाही.

निकाल पाळायचाच. न्यायाधीशांना शिव्याही द्यायच्या नाहीत. पण हा अर्थ कसा लावला, हे विचारणं म्हणजे कोर्टाचा अपमान नव्हे. पुढच्या बैठकीत एखाद्या निकालाची बातमी मोठ्यानं वाचा. यात बाईचं म्हणणं कुठं आहे, एवढं एकमेकींना विचारा.