छऱ्याची पहिली बंदूक

बंदूक म्हटली कीं दारू, धूर आणि धडाका यांचीच आठवण होते. परंतु केवळ दाबलेल्या हवेच्या जोरावर शिसें फेंकणारी बंदूकही बरीच जुनी आहे. बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिरानें तयार केलेली हवेची बंदूक १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारली होती. पुढें १८०४ ते १८०६ या काळांत अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुइस व क्लार्क यांच्या तुकडीजवळही हवेची एक बंदूक होती. आज हें शस्त्र सैनिकाच्या हातून सुटून हौशी माणसाच्या हातीं आलें आहे. तें विकत घेणाराचे हेतु बहुधा दोन असतात. एक, रिकामे डबे ओळीनें मांडून ते टिपणें. जत्रेंत फुगे फोडण्याचा जो खेळ चालतो त्याचाच हा भाऊबंद होय. दुसरा हेतु म्हणजे ससे, रानकबुतरें यांसारखी लहान शिकार.

दुकानांत शिरणाऱ्या नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हिचा जोर किती?’ जाहिरातींतही छऱ्याचा वेगच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. वस्तुतः पहिल्या बंदुकीची परीक्षा निराळ्या ठिकाणीं व्हावयास हवी. जी बंदूक न थकतां शंभर वेळां झाडतां येते आणि जिचा छर्रा प्रत्येक वेळीं त्याच जागीं जाऊन बसतो, ती खरी उपयोगाची. हें कसें, तें पाहण्यासाठीं इंग्लंडचें उदाहरण घेणें सोयीचें आहे; कारण तेथें जमीनमालकाच्या परवानगीनें अशा बंदुकीनें सशाची शिकार करणें कायदेशीर आहे. इतकेंच नव्हे, तर पिकें कुरतडणाऱ्या सशांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्यानें जमीन कसणारावरच टाकलेली आहे.

इंग्लंड व वेल्समध्यें बारा फूट-पौंड, म्हणजे सुमारें १६.३ ज्यूल, इतक्या शक्तीपर्यंतची हवेची रायफल प्रौढ माणसाला सामान्यतः परवान्यावांचून बाळगतां येते. त्यापुढें अग्निशस्त्राचें प्रमाणपत्र लागतें. स्कॉटलंडमध्यें मात्र २०१६ च्या अखेरीपासून या मर्यादेंतील बंदुकीलाही प्रमाणपत्र आवश्यक झालें आहे. अशा रीतीनें शक्तीची मर्यादा कायद्यानेंच आंखून दिली असल्यामुळें निवडीचे प्रश्न उरतात ते दोन : नळीचा व्यास कोणता घ्यावा आणि आंतील यंत्र कोणत्या जातीचें असावें.

व्यास मुख्यतः दोन प्रचलित आहेत, साडेचार मिलिमीटर व साडेपांच मिलिमीटर. बारा फूट-पौंडांच्या शक्तीनें अर्ध्या ग्रॅमहून किंचित् जड असा लहान छर्रा सेकंदाला सुमारें २४० मीटर वेगानें निघतो, तर एक ग्रॅमचा मोठा छर्रा सुमारें १७५ मीटर वेगानें. वेगवान् छऱ्याचा मार्ग अधिक सरळ असतो; त्यामुळें अंतराचा अदमास थोडा चुकला तरी नेम फारसा ढळत नाहीं. मोठा छर्रा लवकर खालीं झुकतो, पण त्याचा आघात अधिक रुंद होतो, म्हणून कित्येक मुरलेले शिकारी तोच पसंत करतात. परंतु नवशिक्याचें खरें दुबळेपण अंतर ओळखण्यांत असतें. त्यामुळें पहिल्या बंदुकीसाठीं साडेचार मिलिमीटर हाच व्यास बरा; शिवाय त्याचे छर्रेही स्वस्त पडतात, आणि सराव तर छऱ्यांच्या डब्यांवरच मोजावयाचा असतो.

यंत्राच्याही मुख्य जाति दोन. पहिलींत नळी मोडून खालीं ओढली कीं एक जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच ती सुटून दट्ट्याला पुढें ढकलते, आणि दट्ट्यापुढची हवा क्षणार्धांत दबून छऱ्याला बाहेर फेंकते. ही बंदूक स्वयंपूर्ण असते. तिला पंप नको कीं नळकांडें नको. मात्र तिच्यांत एक खोड आहे. दट्ट्या पुढें धांवतांना बंदूक मागें सरते, आणि तो थांबतांना ती पुढें झुकते. हे दोन्ही हिसके छर्रा अद्याप नळींत असतांनाच बसूं लागतात. म्हणून अशी बंदूक मुठींत आवळून धरणाराचा नेम चुकतो, आणि तळहातावर हलकेंच टेकवून प्रत्येक वेळीं एकाच रीतीनें धरणाराचा लागतो. दुसऱ्या जातींत सुमारें दोनशें वातावरणांच्या दाबाची हवा आधींच कोठींत भरून ठेवलेली असते. हिला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळें नेम लवकर साधतो. पण हातपंप किंवा हवेचें नळकांडें यांचा खर्च व खटाटोप पाठीमागें लागतो. ज्याला तो परवडतो त्यानें ती अवश्य घ्यावी. इतरांनीं मध्यम शक्तीची, साध्या स्प्रिंगची बंदूक घ्यावी. फार जोराच्या स्प्रिंगेचा हिसकाही मोठा, ती ओढण्यास श्रमही अधिक. तीस-चाळीस छऱ्यांनंतर दंड भरून आले कीं सराव तेथेंच संपतो.

बंदूक खांद्याला लावून पाहिल्याशिवाय घेऊं नये. दस्ता फार लांब असला तर मान ताणावी लागते. वजन पेलवत नसलें तर नळी थरथरते. आरंभीं दुर्बिणीचा हव्यास न धरतां माशी व खांच यांवरच नेम धरण्यास शिकावें. पुढें दुर्बीण घ्यावयाची झाल्यास ती हवेच्या बंदुकीसाठींच बनविलेली असावी, कारण स्प्रिंगेच्या दुहेरी हिसक्यानें साधी दुर्बीण खिळखिळी होते. छऱ्यांचे चार-सहा प्रकार आणून कोणता आपल्या नळीला मानवतो तें कागदावर पाहावें. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकींनाही तोच छर्रा मानवेल असा नेम नसतो.

इतकी तयारी झाली तरी डबा आणि ससा यांत एक मोठें अंतर उरतें. डबा चुकला तर छर्रा वायां जातो; ससा अर्धवट लागला तर तो बिळांत शिरून तासन्‌तास तडफडत मरतो, आणि शिकाऱ्याच्या हातीं कांहींच येत नाहीं. सशाला तत्काळ मरण येईल अशी डोक्यांतील जागा जेमतेम एक इंच रुंदीची असते. म्हणून तेथील जाणते शिकारी एक कसोटी सांगतात : कागदावर एक इंच व्यासाचें वर्तुळ काढावें, आणि ज्या अंतरावरून प्रत्येक छर्रा त्या वर्तुळांत पडतो तेवढीच आपली मर्यादा मानावी. मुरलेल्या हाताची मर्यादा तीस-पस्तीस यार्ड असूं शकेल. नवशिक्याची पंधराही भरणार नाहीं. टेकूवर बंदूक ठेवून आलेला आंकडा उभ्यानें झाडतांना धरूं नये. वारा असेल तर तो आणखी कमी करावा. लक्ष्याच्या मागें मातीचा बांध किंवा उंचवटा आहे याची खात्री असल्याविना चाप ओढूं नये. बांटल्या टिपण्याचा मोह तर सर्वथा टाळावा, कारण कांच उडते. कठीण दगडावरून छर्राही उलटतो.

हा सर्व विचार भारतांत लागू करतांना त्यांतील शिकारीचा भाग वगळावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें ससा, तितर यांसारख्या प्राण्यांची शिकार हा येथें गुन्हा आहे, मग शस्त्र कितीही लहान असो. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि वीस ज्यूलपेक्षां कमी शक्तीच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवान्यांतून सूट दिली आहे. पण ती सूट शस्त्र बाळगण्यापुरती आहे, पांखरें पाडण्यासाठीं नाहीं. मुंबईच्या खेतवाडींत वाढलेल्या सलीम अली यांनीं १९०८ च्या सुमारास अशाच बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे गेले, आणि तेथूनच त्यांच्या पक्षिशास्त्राचा आरंभ झाला. त्या चिमणीनें त्यांना पक्ष्यांची ओळख पटवून दिली. आजच्या मुलाला तीच ओळख दुर्बिणीनें होऊं शकते.

नेमबाजीचा आनंद मात्र येथेंही पुरेपूर मिळतो. दहा मीटरांच्या स्पर्धेंत लक्ष्याच्या मध्यावरील ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपून अभिनव बिंद्रा यांनीं २००८ मध्यें बीजिंगला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें, आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्यें कैरो येथें जगज्जेते झाले. या स्पर्धांतील बंदुकींची शक्ति इंग्लंडच्या बारा फूट-पौंडांच्या निम्म्याच्या आसपास असते. जगांतील सर्वांत अचूक हवेच्या बंदुकींना एवढा जोर पुरतो, हें दुकानांत उभ्या असलेल्या नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें. मग तो विक्रेत्याला जोर विचारण्याआधीं बंदूक खांद्याला लावून पाहील, आणि उरलेल्या पैशांचे छर्रे घेईल.