घरच्या दुरुस्तीनंतर रुसलेली मोटार

मोटार आपण होऊन बंद पडली म्हणजे माणसाला तिचा राग येतो. परंतु स्वतःच्या हातानें दुरुस्त केल्यावर ती चालू होईनाशी झाली म्हणजे रागाच्या जागीं एक निराळीच भावना उत्पन्न होते. तिच्यांत थोडी शरम असते, थोडी भीति असते, आणि घरच्या मंडळींच्या नजरेला नजर देण्याचें धैर्य तर मुळींच उरत नाहीं. मनाची ही स्थिति गाडीच्या बिघाडापेक्षांहि अधिक घातक होय; कारण तिच्या भरांत मनुष्य जें करूं नये तेंच नेमकें करीत सुटतो.

पुण्यांतील एका सेवानिवृत्त प्राध्यापकांवर असाच प्रसंग आला. त्यांच्या दारीं १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नांवानें जी गाडी काढली, तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत एके काळीं तिचेंच राज्य होतें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. प्राध्यापकांची गाडी त्यांच्या वडिलांनीं घेतलेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, व त्यानंतर दर पांच वर्षांनीं गाडी परिवहन कार्यालयांत दाखवून ती नवी करून घ्यावी लागते. सोमवारीं सकाळीं ती तपासणी होती. चिरंजीवांचें मत असें कीं, आतां या लोखंडाचा मोह पुरे. भंगारवाला येऊन वजनावर किंमतहि सांगून गेला होता. प्राध्यापकांनीं एवढेंच म्हटलें होतें कीं, गाडी तपासणींत उतरली तर राहील, नाहीं तर जाईल. म्हणून रविवारीं दुपारीं त्यांनीं बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलें.

बेत मोठा नव्हता. चार नवे प्लग, नवे सी. बी. पॉइंट, नवा कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरचें नवें झांकण, नवा रोटर आणि नव्या वायरी, असा एक संचच त्यांनीं पेठेंतून आणिला होता. दोन तासांत सगळें बसवून झालें. जुने जिन्नस त्यांच्या पत्नीनें वर्तमानपत्रांत गुंडाळून ओट्यावर ठेविले. प्राध्यापकांनीं किल्ली फिरविली. सेल्फ ऐटीनें फिरला, इंजिनानें मात्र हूं कीं चूं केलें नाहीं.

येथपर्यंत कांहींच बिघडलें नव्हतें. जें बिघडलें तें पुढच्या तासाभरांत. पहिला संशय पेट्रोलवर गेला, म्हणून पंपाची नळी सोडून पाहिली. पेट्रोल व्यवस्थित येत होतें. मग कार्बुरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरविला, किती फेरे तें मोजलें नाहीं. अ‍ॅक्सिलरेटर दहा-वीस वेळां दाबला. त्यामुळें इंजिनांत पेट्रोल साचून प्लग ओले झाले. सेल्फ मारून मारून बॅटरी थकली. शेवटीं शेजारच्या चार मुलांनीं गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलीत नेली आणि ढकलीतच परत आणिली. "अहो, सकाळीं दूध आणायला हीच गाडी गेली होती ना?" असें पत्नीनें एकदां म्हटलें, परंतु त्या वाक्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. वस्तुतः त्या दिवशीं त्या अंगणांत बोललें गेलेलें सर्वांत मोलाचें वाक्य तेंच होतें. जी गाडी सकाळीं चालत होती, ती दुपारीं चालत नाहीं. मधल्या काळांत तिला फक्त एकाच माणसाचा हात लागला. पेट्रोलचा पंप, कार्बुरेटर, झडपा हीं सारीं सकाळीं निर्दोष होतीं व दुपारीं त्यांना कोणीं शिवलेंहि नव्हतें. तेव्हां शोध घ्यावयाचा तो गाडीचा नव्हे, दोन तासांच्या कामाचा.

संध्याकाळीं शेजारच्या वाड्यांतून एक म्हातारे मिस्त्री आले. मुंबईच्या टॅक्सींवर तीस वर्षें हात काळे करून ते पुण्यास मुलाकडे येऊन राहिले आहेत. त्यांनीं पान्ह्याला हात लावला नाहीं. प्रथम विचारलें, "साहेब, कशाकशाला हात लावला, तेवढें क्रमानें सांगा." प्राध्यापकांनीं सांगितलें, कार्बुरेटरचा स्क्रू मात्र गाळला. मिस्त्रींनीं त्यांच्या बोटांकडे पाहिलें, कार्बुरेटरकडे पाहिलें, आणि "आणि हा?" एवढेंच विचारलें.

पुढें त्यांनीं जें केलें तें समजण्यासाठीं जुन्या गाडींत ठिणगी कशी पडते हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ही युक्ति अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम आली, आणि इलेक्ट्रॉनिक साधनें रूढ होईपर्यंत जगांतील बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून जाऊन सी. बी. पॉइंटांच्या वाटेनें गाडीच्या लोखंडांत, म्हणजे अर्थमध्यें, उतरतो. पॉइंट मिटलेले असतांना कॉइलमध्यें चुंबकशक्ति सांठते. ते उघडले कीं प्रवाह एकाएकीं तुटतो, चुंबकशक्ति कोसळते, आणि बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. हा दाब मधल्या वायरीनें डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत येतो व फिरता रोटर तो पाळीपाळीनें चार प्लगांना वांटून देतो. कंडेन्सरचें काम पॉइंटांवर उडणारी ठिणगी गिळून प्रवाह झटक्यानें तोडण्याचें. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडींत हा सगळा खेळ सेकंदाला शंभर वेळां होतो. यांतील मर्म असें कीं, ठिणगी प्रवाह वाहिल्यानें पडत नाहीं, तो तुटल्यानें पडते.

मिस्त्रींनीं किल्ली चालू असलेल्या गाडीच्या कॉइलवर तळहात ठेविला. ती चांगलीच तापलेली होती. सेल्फ मारून कंटाळल्यावर प्राध्यापकांनीं किल्ली तशीच ठेविली होती. आणि पॉइंट मिटलेले असतां किल्ली चालू राहिली तर तीन-चार अ‍ॅंपिअरचा प्रवाह कॉइलमधून सारखा वाहत राहून तिला भाजून काढतो. मिस्त्रींनीं किल्ली बंद केली, पेट्रोलचा वास उडून जाईपर्यंत बॉनेट उघडें ठेवून चहा घेतला, आणि घरून एक दुसरी बॅटरी आणविली. थकलेल्या बॅटरीवर केलेली परीक्षा खोटें सांगते, हें त्यांचें म्हणणें.

मग कॉइलकडून येणारी मधली वायर झांकणांतून काढून, कोरड्या पकडीनें इंजिनाच्या लोखंडापासून चिमूटभर अंतरावर धरून त्यांनीं सेल्फ मारावयास सांगितलें. ठिणगी नाहीं. या एका परीक्षेनें अर्धा शोध संपला: झांकण, रोटर, चारहि वायरी व चारहि प्लग या मधल्या वायरीच्या पुढचे; तेव्हां इंजिन अगदींच मुकें असण्याचें कारण तेथें नव्हतें. राहिली कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. प्राध्यापक नवे प्लग पुन्हां काढण्याच्या विचारांत होते, ते थांबले.

दुसरें हत्यार म्हणजे दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक लहानसा दिवा. त्याचें एक टोंक अर्थला लावून दुसरें टोंक कॉइलच्या बॅटरीकडील स्क्रूला लाविलें. दिवा लागला, म्हणजे किल्लीपर्यंतचा मार्ग ठीक. तेंच टोंक डिस्ट्रिब्यूटरकडील स्क्रूला लाविलें. येथें पॉइंट मिटले असतां दिवा विझावा आणि उघडले असतां लागावा, असा नियम. मिस्त्रींनीं झांकण काढून पॉइंट बोटाच्या नखानें उघडले, मिटले, पुन्हां उघडले. दिवा लागलाच नाहीं. याचा अर्थ प्रवाह पॉइंटांना न जुमानतां कोठून तरी परस्पर लोखंडांत उतरत होता. तो कधीं तुटतच नव्हता, म्हणून ठिणगीहि पडत नव्हती. दिवा सदोदित लागलेलाच राहिला असता तर उलट निदान निघालें असतें: पॉइंट मिटूनहि जुळत नाहींत. नव्या पॉइंटांवर गंज चढूं नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो न पुसतां बसविले कीं असें होतें.

परस्पर वाट दोन ठिकाणीं संभवते. कंडेन्सर आंतून जळून जोडला गेलेला असतो. नवा आहे म्हणून तो चांगलाच असेल असें मानण्याची सोय नाहीं, कारण हल्लीं या गाड्यांसाठीं मिळणाऱ्या सुट्या भागांत निकृष्ट मालहि पुष्कळ असतो. मिस्त्रींनीं कंडेन्सरची तार सोडविली; दिवा तरीहि लागला नाहीं. उरले पॉइंट. ते बाहेर काढून ओट्यावरची वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि जुने व नवे शेजारीं शेजारीं मांडले. जुन्या संचांत पॉइंटाची स्प्रिंग व तारेचें टोंक यांच्या खालीं आणि वर अशा दोन फायबरच्या तांबूस चकत्या होत्या, म्हणजे तीं टोंकें लोखंडाला कोठेंच शिवत नव्हतीं. नव्या संचांत दोन्हीं चकत्या वरच्या बाजूला बसलेल्या! नखाएवढी ती चकती. तिच्या पायीं बॅटरी थकली, चार मुलें दमलीं, आणि भंगारवाल्याचा भाव घरांत पुन्हां एकदां उच्चारला गेला.

चकती जागेवर गेली. फीलर गेजनें पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी अशी लाविली. मधल्या वायरींतून निळी, कडाडणारी ठिणगी पडली. ओले प्लग काढून, पुसून, वाळवून परत घातले. प्राध्यापकांनीं मोठ्या आशेनें किल्ली फिरविली, तों कार्बुरेटरमधून फटकन् आवाज झाला, मागें सायलेन्सरमध्यें बार उडाला, आणि गाडी पुन्हां गप्प.

या क्षणीं पुष्कळ लोक घात करून घेतात. दोष सांपडला असें वाटलें, गाडी तरी चालत नाहीं, तेव्हां तो दोषच नव्हता अशी समजूत होऊन केलेलें काम ते उलटें करतात. खरें म्हणजे पहिल्या दोषानें दुसरा झांकून ठेविलेला असतो. ठिणगीच नव्हती तोंवर ती चुकीच्या ठिकाणीं पडते आहे हें कळणार कसें? मुक्या इंजिनानें आवाज केला ही प्रगतीच होती, आणि तो आवाज काय सांगतो हें मिस्त्रींना पाठ होतें. पद्मिनीच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्राध्यापकांनीं चारहि वायरी एकदम काढल्या होत्या आणि बसवितांना त्या सरळ १-२-३-४ अशा बसविल्या होत्या. अशा जोडणींत फक्त पहिला सिलिंडर वेळेवर पेटतो. दुसऱ्यांत ठिणगी पडते ती आंत येणाऱ्या हवेची झडप उघडत असतांना, म्हणून ज्वाळा कार्बुरेटरकडे परततात. तिसऱ्या व चौथ्यांत ती पडते बाहेर जाणारी झडप उघडल्यावर, म्हणून बार सायलेन्सरमध्यें होतो. तो फुटला नाहीं हें नशीबच.

क्रम माहीत होता, पण कोणत्या भोकांत पहिली वायर, हा प्रश्न उरला. तो प्राध्यापकांच्या कन्येनें सोडविला. दुपारीं बाबांचे काळे हात पाहून तिनें गंमत म्हणून मोबाइलवर एक छायाचित्र काढलें होतें. त्यांत हातांच्या मागें जुनें झांकण आणि जुन्या चार वायरी स्पष्ट दिसत होत्या. त्या चित्राबरहुकूम मिस्त्रींनीं एक वायर काढली कीं तिच्या जागीं लगेच योग्य ती बसविली, असें चारहि वेळां केलें.

इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पेटलें. तें धडधडत होतें, काळा धूरहि टाकीत होतें. तो मात्र त्या न मोजलेल्या स्क्रूचा प्रताप. मिस्त्रींनीं कान लावून तो स्क्रू हलके हलके फिरवीत आणिला, तेव्हां आवाज सरळ झाला. पॉइंटांची फट बदलली म्हणजे ठिणगीची वेळहि थोडी ढळते, म्हणून तपासणीहून परततांना टायमिंग दिव्याच्या साहाय्यानें नीट लावून घ्यावें, असें त्यांनीं बजावलें. पैसे घेतले नाहींत. जातां जातां ओट्यावरची पुडी उचलून, जुने पॉइंट आणि जुना कंडेन्सर तेलाच्या फडक्यांत नीट बांधून त्यांनीं गाडीच्या डिकींत ठेविले आणि प्राध्यापकांच्या पत्नीला म्हणाले, "ताई, हे टाकूं नका. नव्यानें दगा दिला तर रस्त्यांत हेच घरीं आणतील."

सोमवारीं नऊच्या सुमारास पद्मिनी परिवहन कार्यालयाच्या रांगेंत उभी होती. इंजिन मात्र प्राध्यापकांनीं आपली पाळी येईपर्यंत बंद केलें नाहीं.